घरासाठी जनरेटर कसा निवडावा: बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील कुटुंबांसाठी

घरी जनरेटर घ्यावा हा विचार आपल्या भागात बहुधा वळिवाच्या वादळानंतर किंवा आषाढातील सलग पावसात, वीज जाऊन दुसरा दिवस उजाडल्यावर मनात येतो, आणि त्या घाईत दुकानात जो संच शिल्लक असेल तोच घरी आणला जातो. असा संच पुढे एक तर बोअरची मोटर उचलत नाही, किंवा गरजेपेक्षा इतका मोठा निघतो की त्याला इंधन पुरवणे परवडत नाही. म्हणून ही निवड उन्हाळ्यात, शांतपणे आणि कागदावर हिशेब मांडून करावी. हा हिशेब अवघड नाही. आपल्याकडे वीज एका वेळी किती काळ जाते आणि त्या काळात कोणती मोटर चालू व्हायलाच हवी, या दोन प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली की निवडीचे बहुतेक काम पूर्ण होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गावागणिक बदलते. टिळकवाडी, शहापूर किंवा अनगोळसारख्या शहरी भागात वीज गेली तरी ती सहसा काही तासांत परत येते. अशा घरांना माझ्या मते जनरेटरची गरजच नसते; चांगला साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी तेथे पुरेशी आहे. बारा व्होल्टची अशी बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास ऊर्जा साठवते. इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरले, तर त्यातील सुमारे १,२०० वॅट-तास हाती येतात. दोनशे वॅटचा भार म्हणजे काही दिवे, दोन पंखे आणि इंटरनेटचा राउटर त्यावर सहा तासांच्या आसपास चालतो.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला मात्र परिस्थिती वेगळी आहे. जांबोटी, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात विजेच्या तारा मैलोगणती दाट जंगलातून जातात, पावसाळ्यात त्यांच्यावर झाडे पडतात आणि दुरुस्तीसाठी माणूस तेथवर पोहोचणेच कठीण होते. निपाणी आणि चिक्कोडीकडील वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेच्या काठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा अनुभव घेतला आहे. अशा ठिकाणी वीज जाण्याचा काळ दिवसांत मोजावा लागतो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी एकदा उतरली की ती पुन्हा भरण्यासाठी वीज नसते. जनरेटरचा खरा उपयोग येथे सुरू होतो.

मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कर्नाटकात निरंतर ज्योती योजनेखाली गावठाणाच्या आणि शेतीपंपांच्या वाहिन्या वेगळ्या करण्यात आल्या, आणि शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज दिवसातील ठरावीक तासच मिळते. आपले घर कोणत्या वाहिनीवर आहे हे वीज कंपनी हेस्कॉमच्या स्थानिक शाखेत विचारून घ्यावे. घर शेतीच्या वाहिनीवर असेल तर आपली अडचण वादळापुरती नसून रोजची आहे, आणि रोजच्या अडचणीवर जनरेटर हा महागडा उपाय ठरतो. तेथे मोठी बॅटरी किंवा बॅटरीसह सौर संच याचा विचार आधी करावा.

सौर संचाबाबत एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. छतावर केवळ ग्रिडला जोडलेले सौर पॅनेल असतील, तर हेस्कॉमची वीज जाताच तेही बंद पडतात. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धोका होऊ नये म्हणून त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये तशी योजनाच केलेली असते. वीज नसताना सूर्यप्रकाशावर घर चालवायचे असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, आणि आषाढ-श्रावणात ढगाळ हवेमुळे त्याच्याकडूनही फार अपेक्षा ठेवता येत नाही.

भाराचा हिशेब

कागदाच्या एका बाजूला वीज नसताना चालू ठेवायची उपकरणे लिहावीत आणि प्रत्येकाच्या मागील पट्टीवरील वॅट त्यापुढे मांडावेत. गिझर, इंडक्शन शेगडी, इस्त्री आणि एअर कंडिशनर या यादीत घेऊ नयेत. एकटा गिझर दोन हजार वॅट ओढतो आणि त्याच्यासाठी घेतलेला मोठा संच वर्षभर अर्धा रिकामा चालतो. पाणी चुलीवर तापते. पेट्रोल जाळून ते तापवण्यात काहीच अर्थ नाही.

उदाहरणादाखल खानापूरकडील पाच माणसांचे एक घर घेऊ. फ्रिज चालताना १५० वॅट, साधे दोन पंखे मिळून १५० वॅट, नऊ वॅटचे आठ एलईडी दिवे ७२ वॅट, टीव्ही ८० वॅट, राउटर १२ वॅट आणि इन्व्हर्टरची बॅटरी भरण्यासाठी सुमारे ३०० वॅट, अशी बेरीज ७६४ वॅट होते. एवढ्यावर थांबले तर एक किलोवॅटचा संच पुरेल असे वाटते, पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या तिप्पट ते पाचपट वीज मागतो. त्या क्षणाची सोय धरून या घराने दोन केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे माप) संच घ्यावा. फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर हा धक्का बराच कमी असतो.

आता बोअरची मोटर. आपल्याकडील बहुतेक घरांचा जनरेटर या एका यंत्रामुळे ठरतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे शाळेत शिकलेले गणित येथे पुरत नाही, कारण ती मोटरच्या फिरत्या दांड्यावर मिळणाऱ्या ताकदीची मोजणी आहे. तेवढी ताकद देण्यासाठी एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर विजेकडून सुमारे ११०० वॅट घेते. सुरू होण्याच्या क्षणी ती याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह मागते, आणि तो मिळाला नाही तर फिरायला लागण्याऐवजी जागच्या जागी गुरगुरत राहते. अशा अवस्थेत तिचे वाइंडिंग काही मिनिटांत जळू शकते. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरसाठी दोन केव्हीए आणि एक अश्वशक्तीसाठी तीन केव्हीए यापेक्षा लहान संच घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. पाच अश्वशक्तीचा थ्री फेज पंप चालवायचा असेल तर दहा ते पंधरा केव्हीएचा डिझेल संच लागतो. तो शेतीचा खर्च आहे आणि त्याची सांगड घरातील दिव्यांशी घालू नये.

आपल्या उदाहरणातील घराचा एकूण भार मोटरसह १,८६४ वॅट झाला. तीन केव्हीएचा संच ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे क्षमतेतील ऐंशी टक्केच प्रत्यक्ष हाती येतात असे धरून, २,४०० वॅट देतो. मात्र बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि उंचीवर हवा विरळ होत असल्याने साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरमागे तीन ते साडेतीन टक्क्यांनी घटते. म्हणजे आपल्याकडे आठ टक्के वजा करून सुमारे २,२०० वॅटच धरावेत. भार त्यात बसतो आणि थोडी जागाही उरते. मोटर नेहमी प्रथम, बाकीची उपकरणे बंद ठेवून सुरू करावी. ती स्थिर फिरू लागल्यावर फ्रिज आणि उरलेले दिवे जोडावेत.

पट्टीवरील आकडा वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. संचावर कमाल क्षमता मोठ्या अक्षरात आणि सतत चालण्याची, म्हणजे रेटेड क्षमता लहान अक्षरात लिहिलेली असते. हिशेबासाठी रेटेड आकडाच धरावा. शिवाय तो आकडा वॅटमध्ये आहे की केव्हीएमध्ये, हे विचारून घ्यावे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त परदेशी संचांवर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते घेऊच नयेत.

पेट्रोल, डिझेल आणि चालवण्याचा खर्च

पाच केव्हीएच्या आतील गरजेसाठी पेट्रोलचा संच आणि त्यापुढे डिझेलचा, अशी ढोबळ वाटणी योग्य आहे. पेट्रोलचे साधे लहान संच मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतात, हलके असतात आणि कमी खर्चात मिळतात, पण सतत चालवण्यासाठी ते बनवलेले नसतात. मिनिटाला १,५०० फेऱ्यांचा डिझेल संच जड आणि महाग असतो, मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो. डिझेलबाबत एक पथ्य आहे, ते असे की त्यावर क्षमतेच्या तीस टक्क्यांपेक्षा कमी भार दीर्घकाळ ठेवला तर इंधन पुरते जळत नाही, काजळी आणि तेल धुराड्यात साचते आणि इंजिन लवकर बिघडते. चार दिवे आणि टीव्हीसाठी दहा केव्हीएचा डिझेल संच घेणारा माणूस पैसेही वाया घालवतो आणि इंजिनही.

पेट्रोलमध्ये इन्व्हर्टर जनरेटर नावाचा जो प्रकार मिळतो, त्याचे इंजिन भारानुसार वेग कमी-जास्त करते. त्यामुळे आवाज आणि इंधन दोन्ही वाचतात आणि वीजही स्वच्छ मिळते. संगणक किंवा वैद्यकीय उपकरणे चालवायची असतील तर त्यासाठी जास्तीचे पैसे देणे मला योग्य वाटते. मोटर आणि दिव्यांपुरताच उपयोग असेल तर एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला साधा संच चालेल, फक्त त्याच्या अल्टरनेटरचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचे, वाइंडिंग तांब्याचे आहे याची बिलावर नोंद करून घ्यावी.

घरगुती गॅस सिलिंडर जोडून जनरेटर चालवण्याचे किटही विकले जातात. स्वयंपाकासाठी दिलेले १४.२ किलोचे सिलिंडर इतर कामाला वापरण्यास नियमाने मनाई आहे, आणि गळतीचा धोका वेगळाच. त्या वाटेला जाऊ नये.

लहान पेट्रोल संच चांगल्या भारावर लिटरमागे दोन युनिटच्या आत वीज देतो. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर असताना एक युनिट पन्नास रुपयांच्या पुढे जाते, आणि भार कमी असला तर याहून महाग पडते. डिझेल संचावर लिटरमागे सुमारे तीन युनिट मिळतात. गृह ज्योती योजनेमुळे ज्यांचे घरगुती बिल शून्यावर आले आहे त्यांना हा आकडा विशेष जाणवेल. म्हणूनच जनरेटर दिवसभर चालवण्यासाठी घेऊ नये. तो इन्व्हर्टरचा जोडीदार म्हणून घ्यावा, ही या साऱ्या लेखातील माझी मुख्य शिफारस आहे.

याचा अर्थ असा. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास संच चालवावा, तेवढ्यात टाकी भरून घ्यावी, फ्रिज थंड करावा, मिक्सरची कामे उरकावीत, सगळ्यांचे मोबाइल भरावेत आणि त्याच वेळी इन्व्हर्टरची बॅटरीही भरत राहू द्यावी. बॅटरीत १५ अँपिअरने चार तासांत ६० अँपिअर-तास जातात, घट वजा करून त्यातील ५० च्या आसपास उपयोगी पडतात, आणि इन्व्हर्टरमधून घरात सुमारे ५२० वॅट-तास पोहोचतात. पाच दिवे, राउटर आणि कमी वीज घेणारा बीएलडीसी प्रकारचा ३० वॅटचा एक पंखा असा ८७ वॅटचा भार त्यावर सहा तास चालतो. रात्र शांतपणे निघते आणि दिवसाला चार-पाच लिटरपेक्षा अधिक पेट्रोल लागत नाही. काही इन्व्हर्टर साध्या जनरेटरची वीज स्वीकारत नाहीत. अशा वेळी मागील बाजूचे बटण यूपीएसवरून साध्या स्थितीत आणावे, कारण यूपीएस स्थितीत तो व्होल्टेजमधील थोडाही चढउतार सहन करीत नाही. तरीही बॅटरी भरत नसेल तर जनरेटर बदलून द्यावा लागेल, हे विक्रेत्याला खरेदीपूर्वीच सांगून ठेवावे.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणारे रुग्ण असतील तर हिशेब वेगळा मांडावा. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे यंत्र साधारण ३५० वॅट घेते, म्हणजे १५० अँपिअर-तासांची बॅटरी त्याला तीन तासांच्या आसपास चालवते. जनरेटर सुरू होईपर्यंतची खिंड बॅटरीने लढवायची असते, आणि दोन्ही साधने थांबली तर भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात असायलाच हवा.

जागा, धूर आणि आवाज

यापुढचा भाग कृपया घरातील सर्वांनी वाचावा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेत माणसाचा जीव घेतो. पावसाळ्यात आपल्याकडील घरे दारे-खिडक्या लावून बसतात, आणि पाऊस लागू नये म्हणून संच पडवीत, गोठ्यात किंवा जिन्याखाली ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. खिडकी किंचित उघडी ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. संच घरापासून किमान सहा मीटर दूर, परसदारी, तीन बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली, धुराचे तोंड घराच्या आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडून वळवून ठेवावा. संच चालू असताना घरात एकाच वेळी दोघांना डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ जाणवली तर प्रथम सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, मग संच बंद करावा आणि दवाखाना गाठावा. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा बॅटरीवरचा छोटा अलार्म मिळतो. तो झोपण्याच्या खोलीत लावावा.

शेडचा चौथरा फूट-दीड फूट उंच करावा. नदीकाठच्या गावांत महापुराची पाणीपातळी घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते, आणि संच त्या खुणेच्या वर राहील अशी व्यवस्था आधीच ठरवावी.

शहापूर किंवा वडगावच्या अरुंद गल्ल्यांत सहा मीटरची मोकळी जागा क्वचितच मिळते. अशा घरांनी जनरेटरचा नाद सोडून बॅटरीची क्षमता वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय आवाजाचा प्रश्न आहेच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डिझेल संचाला बंदिस्त आवरणासह एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. तोच आवाज मोकळ्या जागेत दहा मीटरवर सुमारे ५५ डेसिबलपर्यंत उतरतो, पण तीन मीटरवरील शेजाऱ्याच्या खिडकीपाशी ६५ च्या वर राहतो. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुलांना तो सोसावा लागू नये.

घराच्या वायरिंगला जोडणी

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडण्याचा प्रकार अनेक घरांत चालतो. त्यामुळे घरातील २३० व्होल्ट मीटरमधून मागे तारांवर जातात, गावचा ट्रान्सफॉर्मर त्यांना उलट दिशेने चढवतो, आणि ११,००० व्होल्टच्या ज्या तारेवर वीज नाही असे समजून लाइनमन हात घालतो, तिच्यात जीवघेणा दाब येतो. भर पावसात आपली वीज परत आणण्यासाठी खांबावर चढलेल्या माणसाचा जीव आपल्या हातून जाऊ नये. मीटर आणि मुख्य बोर्ड यांच्यामध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मध्ये बंद स्थिती असलेला चेंजओव्हर स्विच बसवणे हा एकच योग्य मार्ग आहे. सिंगल फेज घराला दोन पोलचा आणि थ्री फेज घराला चार पोलचा स्विच लागतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

तीन केव्हीएचा संच सुमारे १३ अँपिअर देतो, त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तीन गाभ्यांची तांब्याची केबल योग्य ठरते. लहान पोर्टेबल संचांत न्यूट्रल बहुधा बॉडीला जोडलेला नसतो, आणि तसे असल्यास घरातील आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) जनरेटरवर चालताना शॉकपासून वाचवीलच असे नाही. म्हणून संचाचे अर्थिंग आणि न्यूट्रलची जोडणी दोन्ही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावीत.

इंधन आणि देखभाल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. दोन-तीन महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्ब्युरेटर चोंदतो, आणि नेमक्या गरजेच्या रात्री संच सुरू होत नाही. पावसाळा संपला की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा वीस मिनिटे, प्रत्यक्ष भार जोडून, संच चालवून पाहावा. नव्या इंजिनाचे तेल पहिल्या वीस तासांनंतर आणि पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल घरी ठेवता येते, मात्र ते धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, स्वयंपाकघर आणि देवघरातील दिव्यापासून दूर असावे. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

खरेदी

बेळगावात जनरेटरच्या ब्रँडचा विषय निघाला की किर्लोस्कर हे नाव आदराने घेतले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान याच गावात काढले होते. तरीही ब्रँड कोणताही असो, निवड त्याच्या सेवाकेंद्रावरून करावी. दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गावापर्यंत येतो का, कार्ब्युरेटर, एव्हीआर आणि स्टार्टरचे सुटे भाग बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत मिळतात का, हे आधी विचारावे. कोल्हापुरात चार पैसे कमी पडले म्हणून तेथून संच आणताना वॉरंटीची सेवा बेळगावचे केंद्र देईल, असे लेखी घ्यावे. नव्या संचांना १ जुलै २०२३ पासून प्रदूषण नियंत्रणाचे सीपीसीबी चार प्लस निकष लागू झाले आहेत; घेतलेला संच त्या निकषांचा आहे, हे पट्टीवर पाहून घ्यावे. कारखान्यातून काढलेला जुना डिझेल संच स्वस्तात मिळत असेल तर तासांचा मीटर पाहावा, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे आणि पूर्ण भारावर अर्धा तास चालवून धूर कोणत्या रंगाचा येतो ते पाहावे. निळा धूर दिसला तर तो संच सोडून द्यावा.

पैसे देण्यापूर्वी शेवटची चाचणी आपल्या अंगणात व्हावी. विक्रेत्याने संच घरी आणून आपल्याच बोअरची मोटर त्यावर सलग तीनदा सुरू करून दाखवावी, मोटर चालू असताना इलेक्ट्रिशियनने व्होल्टेज मोजावे, आणि ते २१० व्होल्टच्या खाली जात नसेल तरच जीएसटीचे बिल, वॉरंटी कार्डावरील शिक्का आणि इंजिन तसेच अल्टरनेटर या दोन्हींचे क्रमांक तपासून उरलेली रक्कम द्यावी.